ऑनलाइन अध्यापन आणि कॉपीचा प्रश्न : एक चिकित्सा

१

परीक्षेतील कॉपीचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. विद्यापीठे, मंडळ आणि इतर विनिर्दिष्ट परीक्षा यांतील गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाने १९८२ साली स्वतंत्र अधिनियम केला. तो त्या काळीच किती बळावला होता, हे यावरून ध्यानात येईल. तथापि २०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे महाविद्यालये बंद झाली, अध्यापन आणि परीक्षा ही दोन्ही कार्ये एकाच वेळी पडद्यावर गेली, आणि या प्रश्नाचे स्वरूप पालटले. वर्गखोली, बाक, पर्यवेक्षक आणि भरारी पथक या चार गोष्टींच्या आधारावर आपली परीक्षापद्धती उभी होती. तो आधार सुटताच तिच्या बुडाशी असलेला प्रश्न उघडा पडला : विद्यार्थ्याने दिलेले उत्तर त्याचेच आहे, हे अध्यापकाला कशावरून कळावे?

या प्रश्नाला त्या काळात जे उत्तर देण्यात आले त्याची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. साथ ओसरली, परीक्षा पुन्हा केंद्रांवर होऊ लागल्या, मग ही चर्चा आता कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, ऑनलाइन अध्यापन साथीबरोबर ओसरलेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातील अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या शासकीय मंचावरून पूर्ण करण्याची मुभा विद्यापीठांना देता येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा कलही त्याच दिशेने आहे. त्यातच २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ‘चॅटजीपीटी’ सर्वांना खुले झाले आणि घरी बसून लिहावयाच्या कोणत्याही उत्तराविषयी नवा संशय उत्पन्न झाला. तेव्हा तो काळ संपला असे न समजता, त्या काळाने आपल्या पद्धतीविषयी जे दाखवून दिले त्याचा हिशेब मांडणे अगत्याचे आहे.

हे विवेचन केवळ तात्त्विक पातळीवर राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांपुढे ठेवू. नगरहून करंजी घाट ओलांडून पाथर्डीकडे जाताना वाटेत तिसगाव लागते. कानिफनाथांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेली मढी येथून जवळच आहे. हा सारा टापू अवर्षणाचा. पाथर्डी तालुक्यातील कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि हंगाम आटोपल्यावर परततात. येथील पदवीचा विद्यार्थी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतो. अशा एका विद्यार्थ्याची आपण कल्पना करू आणि ऑनलाइन परीक्षेची व्यवस्था त्याच्या बाजूने पाहू. तो कोणी विवक्षित व्यक्ती नाही; परंतु त्याच्यासारखे विद्यार्थी आपल्या हजेरीपटावर आहेत, हे कोणाही अध्यापकास मान्य व्हावे.

२

प्रथम घटनाक्रम लक्षात घेऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाने २९ एप्रिल २०२० रोजी परीक्षांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. तीन तासांची परीक्षा दोन तासांवर आणण्याची मोकळीक त्यांत होती. आणि बहुपर्यायी प्रश्न, पुस्तक उघडे ठेवून द्यावयाची परीक्षा, स्वाध्याय, सादरीकरण असे पर्यायही सुचविले होते. जूनमध्ये महाराष्ट्र शासनाने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याची भूमिका घेतली. आयोगाने ६ जुलैच्या सुधारित सूचनांत त्या सप्टेंबरअखेर घ्याव्यात असे सांगितले. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ ऑगस्ट २०२० च्या निर्णयाने असे ठरले की, परीक्षेची मुदत वाढवून मागण्याचा मार्ग राज्याला मोकळा आहे, परंतु अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेवाचून उत्तीर्ण करता येणार नाही. त्यानंतर १२ ऑक्टोबर २०२० पासून पुणे विद्यापीठाची अंतिम वर्षाची परीक्षा सुरू झाली. प्रश्न बहुपर्यायी होते आणि प्रत्येक विषयास वेळ एका तासाचा होता. ज्यांना घरून परीक्षा देणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी प्रत्यक्ष परीक्षेचीही सोय ठेवण्यात आली होती. पुढे २०२१ च्या परीक्षांसाठी ‘प्रॉक्टर्ड’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत आली. परीक्षार्थ्याच्या यंत्रावरील कॅमेऱ्यातून त्याच्या हालचालींवर लक्ष ठेवावयाचे आणि संशयास्पद वर्तनाची नोंद संगणकाने करावयाची, हे तिचे स्थूल स्वरूप.

या घटनाक्रमात एक गोष्ट नजरेत भरते. एप्रिल ते ऑगस्ट या चार महिन्यांत परीक्षा घ्यावी की न घ्यावी, तिचा अधिकार कोणाचा, यावर पुष्कळ ऊहापोह झाला. परीक्षेत काय विचारावे यावर मात्र त्या मानाने फारच थोडा झाला. आयोगाने सुचविलेल्या पर्यायांपैकी बहुपर्यायी प्रश्नांचा पर्याय पुण्याने स्वीकारला. दिल्ली विद्यापीठाने ऑगस्ट २०२० मध्ये पुस्तक उघडे ठेवून परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांनी उत्तरे हाताने लिहावयाची आणि त्यांची छायाचित्रे पाठवावयाची होती. दोन्ही ठिकाणी अडचणी आल्या, परंतु त्या एकाच जातीच्या नव्हत्या. दिल्लीतील अडचण मुख्यतः उत्तरे पाठविण्याची होती. पुण्याच्या पद्धतीत ती बव्हंशी टळली, पण त्या बदल्यात प्रश्नच असा निवडला गेला की ज्याचे उत्तर एका अक्षरात दुसऱ्यास सांगता यावे.

ही निवड अविचाराने झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. अफाट विद्यार्थिसंख्या, तीन जिल्ह्यांत विखुरलेली महाविद्यालये, हाती असलेला थोडा अवधी आणि निकाल लवकर लावण्याची निकड, या परिस्थितीत यंत्राने तपासता येईल अशी परीक्षा कोणत्याही प्रशासनास सोयीची वाटली असती. आक्षेप आहे तो पुढच्या पावलाला. कॉपी होते असे दिसल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलावयास हवे होते. ते बदलले नाही. पहारा मात्र वाढविण्यात आला.

३

असे का झाले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेले होते. अध्यापन महाविद्यालयांनी करावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यावी, अशी ती रचना होती. विद्यापीठांनी स्वतः शिकविण्याचा मार्ग १९०४ च्या अधिनियमाने खुला झाला. तथापि संलग्न महाविद्यालये आणि परीक्षा घेणारे विद्यापीठ हा सांगाडा कायम राहिला, आणि १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठातही तो चालत आला. योगायोग असा की, राधाकृष्णन आयोगाने आपला अहवाल त्याच वर्षी सादर केला. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची झाली तर ती परीक्षांची असेल, अशा आशयाचे त्या अहवालातील मत आजही वारंवार सांगितले जाते. अंमलबजावणीच्या बाबतीत मात्र त्याच्या वाट्याला उपेक्षाच अधिक आली.

या रचनेचा अर्थ तिसगावच्या विद्यार्थ्यापुरता काय होतो? त्याला शिकविणारा अध्यापक त्याला ओळखतो, परंतु त्याच्या अंतिम उत्तरपत्रिकेवर त्या ओळखीचा परिणाम होता कामा नये अशी व्यवस्था आहे. त्याची उत्तरपत्रिका तपासणारा परीक्षक त्याला ओळखत नाही. त्याच्यापुढे केवळ एक आसनक्रमांक असतो. म्हणजे परीक्षेपुरते पाहिले तर आपला विद्यार्थी २०२० च्या आधीही दूरस्थच होता. दूरचा परीक्षक आणि अनोळखी विद्यार्थी यांमधील अंतर पर्यवेक्षक भरून काढीत असे. समोर बसलेली व्यक्ती तीच आहे आणि ती स्वतः लिहीत आहे, एवढी ग्वाही तो देई. महासाथीत हा एकच दुवा तुटला. मग विद्यापीठाने त्या दुव्याच्या जागी कॅमेरा बसविला. ही कृती त्या रचनेच्या तर्काला धरूनच होती. आणि म्हणूनच तिचे दोष हे मूळ रचनेचेही दोष ठरतात.

४

कॅमेऱ्याच्या पहाऱ्यावर तीन आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप विषमतेचा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात, भारतातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक आणि १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सुविधा होती. नागरी कुटुंबांत हेच प्रमाण अनुक्रमे २३.४ आणि ४२ टक्के होते. पुढील दोन वर्षांत मोबाइलमुळे इंटरनेटचा प्रसार वाढला हे खरे. परंतु घरात एक मोबाइल असणे आणि विद्यार्थ्याला तासभर अखंड रेंज, पुरेसा प्रकाश आणि एकांत मिळणे, या फार वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्राच्या दृष्टीने संशयास्पद ठरणाऱ्या गोष्टी कोणत्या? चौकटीत दुसरा चेहरा दिसणे, बाजूला पाहणे, आवाज येणे, मध्येच संपर्क तुटणे. दोन खोल्यांच्या घरात, जेथे धाकटी भावंडे वावरत आहेत आणि दारात शेळी ओरडते आहे, तेथे या साऱ्या गोष्टी काही गैर न करताही घडतात. पुण्यातील स्वतंत्र अभ्यासिकेत त्या घडत नाहीत. ज्या विद्यार्थ्याचे आईवडील ऑक्टोबरात ऊसतोडीला निघाले आणि जो त्यांच्याबरोबर कोपीवर राहावयास गेला, त्याच्याविषयी तर बोलावयासच नको. तेव्हा यंत्राची नोंद गैरप्रकाराची आहे की गरिबीची, हा भेद करावयास पुन्हा माणूसच लागतो.

दुसरा आक्षेप निष्फळतेचा. कॅमेरा पाहतो ती एक मर्यादित चौकट. त्या चौकटीबाहेर ठेवलेला दुसरा मोबाइल, पडद्यामागे बसलेला मित्र, व्हॉट्सअॅपच्या गटावर फिरणारी उत्तरे, यांपैकी पुष्कळ गोष्टी त्याच्या दृष्टीस पडत नाहीत. येथे एक विपरीत न्याय घडतो. ज्याच्याजवळ साधने अधिक, त्याला पहारा चुकविणे सोपे. ज्याच्याजवळ एकच मोबाइल आहे आणि तोही शेजाऱ्याकडून आणलेला, तो कॉपी करण्यासही असमर्थ असतो आणि संशयासही अधिक पात्र ठरतो. कॉपीमुळे खरे नुकसान कोणाचे होते, याचे उत्तरही यातच आहे. सधन कुटुंबातील विद्यार्थ्याला पदवीखेरीज इतर आधार असतात. तिसगावच्या आपल्या विद्यार्थ्यापाशी पदवी हेच बहुधा एकमेव भांडवल असते. त्या वर्षांच्या गुणपत्रिकांकडे लोक साशंकतेने पाहू लागले, तेव्हा प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या या विद्यार्थ्याची ठेव त्याच्या अपराधावाचून बुडाली. म्हणूनच कॉपीकडे कानाडोळा करणे हे गरीब विद्यार्थ्यावरील दयेचे लक्षण आहे, असे मानणाऱ्यांशी प्रस्तुत लेखक सहमत होऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप शैक्षणिक आहे. परीक्षा हाही शिक्षणाचाच भाग मानावयाचा, तर परीक्षेतून विद्यार्थी काही शिकतो. तासभर हालचाल न करता पडद्याकडे पाहत बसणे ही जेथे सचोटीची खूण ठरते, तेथे सचोटी म्हणजे पकडले न जाणे, हाच धडा तो घेणार. २०२२ च्या उन्हाळी परीक्षा प्रत्यक्ष घेण्याचे ठरले, तेव्हा त्या ऑनलाइनच व्हाव्यात अशी मागणी विद्यार्थ्यांकडून झाली. अखेर प्रत्येक तासास १५ मिनिटे वाढवून देऊन परीक्षा केंद्रांवर घेण्यात आल्या. दोन वर्षे लिहिण्याचा सराव सुटला होता, ही विद्यार्थ्यांची तक्रार खोटी नव्हती. परंतु ज्या पद्धतीने त्यांची इतकी गैरसोय केली, तीच त्यांना हवीशी का वाटावी, याचा विचार आपण अध्यापकांनी केला पाहिजे. त्या पद्धतीने त्यांच्याकडून फारसे काही मागितलेच नव्हते, हे त्याचे एक कारण असावे.

५

येथे विवेचनाचा रोख विद्यार्थ्याकडून अध्यापनाकडे वळवावा लागतो. ऑनलाइन वर्गात हजेरी म्हणजे पडद्यावर दिसणारे नाव. नावामागील विद्यार्थी ऐकत आहे, झोपला आहे की शेतात पाणी धरावयास गेला आहे, हे अध्यापकास कळत नाही. रेंज वाचविण्यासाठी कॅमेरे बंद ठेवले जातात. प्रश्न विचारला तर उत्तर येत नाही. मौनाचा अर्थ समजणे असा लावावा की न समजणे असा, हेही ठरविता येत नाही. अशा स्थितीत बव्हंशी अध्यापकांनी जे केले ते स्वाभाविकच होते : टिपणे तयार करून गटावर पाठविली. पुढे परीक्षा आली ती त्या टिपणांवर. टिपणे अध्यापकाची, पर्याय प्रश्नपत्रिकेचे, तपासणी यंत्राची. या साखळीत विद्यार्थ्याचे स्वतःचे असे काय उरले? कॉपी म्हणजे दुसऱ्याचे उत्तर स्वतःचे म्हणून देणे. विद्यार्थ्याचे म्हणून काही असावे अशी अपेक्षाच जेथे नाही, तेथे त्याने ते दुसऱ्याकडून घेतले, या आरोपातील निम्मे बळ निघून जाते.

हे वर्गातही घडत होते, हे कबूल केले पाहिजे. अपेक्षित प्रश्नसंच आणि मार्गदर्शिका यांच्यावर आपल्या परीक्षा वर्षानुवर्षे चाललेल्या आहेत. पाठ केलेले उत्तर आणि पाहून लिहिलेले उत्तर यांत नैतिक अंतर आहे. ज्ञानाच्या दृष्टीने असलेले अंतर मात्र आपण समजतो तेवढे मोठे नाही. मराठी विषयाचेच उदाहरण घेऊ. ज्ञानेश्वरी कोठे सांगितली गेली, या प्रश्नाखाली पैठण, आळंदी, नेवासे आणि पंढरपूर असे चार पर्याय दिले, तर याच जिल्ह्यातील नेवाशाचे नाव सांगावयास विद्यार्थ्याला ओवी वाचण्याची गरज नाही. ते शेजाऱ्याने सांगितले तरी चालते आणि पाठ केले तरी चालते.

याउलट दुसरा प्रश्न पाहा. धुंडीसुत मालू यांच्या ‘नवनाथ भक्तिसार’ (१८१९) या ग्रंथात कानिफनाथांची कथा आली आहे. ती वाचावी, मढीच्या परिसरात कानिफनाथांविषयी लोक जे सांगतात त्यापैकी आपल्या घरातील किंवा गावातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीकडून ऐकावे, आणि ग्रंथातील व बोलण्यातील कथा कोठे जुळतात व कोठे वेगळ्या होतात, हे दोन पानांत लिहावे. तिसगावच्या विद्यार्थ्यास हे काम पुण्यातील विद्यार्थ्यापेक्षा सोपे आहे. कदाचित आपल्या साऱ्या अभ्यासक्रमात एवढी एकच जागा असेल, जेथे त्याचे गाव त्याच्या आड न येता त्याच्या उपयोगी पडेल. पुण्याच्या विद्यार्थ्याला त्याच्या पेठेतील कथा विचारावी. या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शिकेत छापता येत नाही, आणि वर्गमित्राचे उत्तर उतरवून घेतले तर ते लगेच ध्यानात येते, कारण दोघांच्या आजीने एकच कथा एकाच शब्दांत सांगितली असण्याचा संभव नाही.

६

अशा प्रश्नांनी कॉपी सर्वस्वी थांबेल, असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे होईल. पहिली अडचण नव्या यंत्रांची. न भेटलेल्या आजीची न ऐकलेली कथा रचून देणे ‘चॅटजीपीटी’सारख्या साधनास अवघड नाही, आणि तेही मराठीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत साम्याच्या टक्केवारीवरून, म्हणजे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या पुढे अशा पायऱ्यांनी, अपराधाची प्रत ठरविली आहे. हे परिमाण आधीच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर शोधण्यासाठी आहे. ज्या मजकुराशी जुळणारे आधीचे लिखाणच अस्तित्वात नाही, तेथे ते लागू पडत नाही. म्हणजे येथेही यंत्रावर यंत्राचा पहारा बसविण्याने फारसे साधणार नाही.

यावर जुनाच उपाय अधिक खात्रीचा वाटतो, आणि तो म्हणजे लेखनानंतरचे संभाषण. विद्यार्थ्याने लिहून पाठविलेले अध्यापकाने वाचावे आणि त्यावर त्याच्याशी दहा मिनिटे बोलावे. कथा कोणी सांगितली? त्या कथेतला कोणता भाग लिहावयाचा राहिला? ग्रंथातील अमुक प्रसंग तुला खटकला असे लिहिले आहेस, तो का? जो स्वतः वाचून, ऐकून लिहितो, तो अडखळत का होईना पण बोलतो. आणि ज्याने दुसऱ्याकडून किंवा यंत्राकडून लिहून घेतले, त्याला दुसऱ्या-तिसऱ्या उपप्रश्नाला उत्तर सुचत नाही. या संभाषणास इंटरनेटही लागत नाही. साध्या मोबाइलवरून ते होऊ शकते. ऊसतोडीच्या फडावर गेलेल्या विद्यार्थ्याशी संध्याकाळी होऊ शकते. कॅमेऱ्याच्या परीक्षेने ज्याला वगळले, त्याला ही परीक्षा पोहोचते.

यावर येणारे दोन आक्षेप गंभीर आहेत व त्यांचा परामर्श घेणे जरूर आहे.

पहिला वेळेचा. ८० विद्यार्थ्यांच्या वर्गाशी प्रत्येकी दहा मिनिटे बोलावयाचे तर ८०० मिनिटे, म्हणजे १३ तास २० मिनिटे लागतील. हा वेळ थोडा नाही. परंतु एक उत्तरपत्रिका काळजीपूर्वक वाचावयास दहा मिनिटे लागतात असे धरले, तर ८० उत्तरपत्रिकांनाही तेवढाच वेळ लागतो. प्रश्न वेळ कोठून आणावा याहून तो कोणाच्या हिशेबात धरावा, याचा अधिक आहे. आपल्या महाविद्यालयांतील पुष्कळसे अध्यापन तासिका तत्त्वावरील अध्यापक करतात आणि त्यांना मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासिकांचा. विद्यार्थ्याशी बोललेली दहा मिनिटे जोवर कार्यभारात धरली जात नाहीत, तोवर ही योजना म्हणजे ज्यांना सर्वांत कमी मिळते त्यांच्याच खांद्यावर आणखी ओझे, असे होईल. तेव्हा पहाऱ्याच्या यंत्रणेवर होणारा खर्च या तासांकडे वळविता येईल काय, याचा विचार विद्यापीठांनी करावा.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आसनक्रमांकाच्या आड विद्यार्थी लपतो, हा आपण वर दोष म्हणून सांगितला. पण ते लपणे संरक्षणही होते. परीक्षकाला नाव ठाऊक नाही म्हणजे आडनाव ठाऊक नाही, आडनाव ठाऊक नाही म्हणजे जात ठाऊक नाही, बोलीचा हेल कानी पडत नाही. ज्या समाजात ओळखीचा अर्थ पुष्कळदा वशिला असा होतो, तेथे अनोळखी परीक्षक हा दुर्बळाचा मित्र ठरतो. त्याच्या जागी तोंडी परीक्षा आणली, तर प्रमाणभाषा न बोलणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण जातील आणि संस्थाचालकांच्या नातलगाचे वाढतील, ही भीती अनाठायी नाही. शिवाय गुण आपल्या हाती आले की ते सैल हाताने वाटण्याची आपली प्रवृत्तीही प्रसिद्धच आहे. राज्य मंडळाच्या दहावीचा निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्के लागला. त्या वर्षी भाषा विषयांचे अंतर्गत गुण नव्हते. ते पुन्हा सुरू झाल्यावर २०२० चा निकाल ९५.३० टक्के झाला. या वाढीचे ते एकमेव कारण म्हणता येणार नाही, कारण २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा होता आणि २०२० मध्ये भूगोलाची परीक्षा साथीमुळे झालीच नाही. २०२१ मध्ये सर्वच मूल्यमापन शाळांकडे आले आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या आपत्तीत शाळांनी दुसरे काय करावे, असे म्हणता येईल. तरी या आकड्यांकडे पाहून अध्यापकाच्या निर्णयावर लोकांनी निमूटपणे विश्वास ठेवावा, असे म्हणण्याचे धाडस होत नाही.

म्हणून संभाषणास काही मर्यादा घालणे अवश्य आहे. एक, ते एकूण गुणांच्या एका भागापुरतेच असावे. उरलेला भाग केंद्रावरील अनोळखी परीक्षेचा राहावा. ‘स्वयम्’च्या अभ्यासक्रमांतही अंतिम परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. दोन, संभाषणाचे ध्वनिमुद्रण व्हावे आणि दुसऱ्या महाविद्यालयातील परीक्षकाने त्यांपैकी काही नमुने ऐकावेत. तीन, विद्यार्थ्याने कोणत्या बोलीत उत्तर दिले याला गुण नसावेत व त्यावरून गुण कापलेही जाऊ नयेत, असे परीक्षकास लेखी कळवावे. चार, लेखन आणि संभाषण यांत विसंगती आढळली तर गैरप्रकाराची कारवाई करण्यापूर्वी विद्यार्थ्यास ते काम पुन्हा करण्याची एक संधी द्यावी. या मर्यादांनी पक्षपात नाहीसा होणार नाही. पण तो नोंदीत येईल आणि त्यावर दाद मागता येईल. यंत्राने दिलेल्या संशयाच्या शेऱ्यावर तेवढीही दाद सामान्य विद्यार्थ्यास मागता येत नाही.

७

समारोप करताना मूळ प्रश्नाकडे परत येणे योग्य होईल. विद्यार्थ्याचे उत्तर त्याचेच आहे हे कशावरून कळावे, असे आपण विचारले होते. २०२० आणि २०२१ मध्ये दिलेले उत्तर ‘त्याच्यावर नजर ठेवून’ असे होते. ते अपुरे ठरले, कारण ज्याच्यावर नजर ठेवावयाची त्याच्याशी परिचयच नव्हता, आणि जे विचारावयाचे ते कोणालाही विचारता येण्याजोगे होते. पहाऱ्याची गरज संपली असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे नाही. केंद्रावरील परीक्षेत पर्यवेक्षक हवाच आणि १९८२ चा अधिनियमही त्याच्या जागी हवाच. राज्य मंडळाने २०२५ मध्ये, पूर्वी गैरप्रकार आढळलेल्या केंद्रांवर बाहेरील शाळांचे पर्यवेक्षक नेमण्याचे ठरविले, तेही समजण्यासारखे आहे. परंतु पहारा हा परिचयाची जागा घेऊ शकत नाही, आणि ऑनलाइन अध्यापनात तर परिचयच प्रथम नाहीसा होतो. तो पुन्हा जोडण्याचे काम अध्यापकाचे आहे व त्यासाठी त्याला वेळ देणे हे विद्यापीठाचे काम आहे.

याचा आरंभ फार मोठ्या योजनेने करावा लागेल असेही नाही. एखाद्या विभागाने पुढील सत्रात एकच अभ्यासपत्रिका निवडावी, तिच्या अंतर्गत गुणांपैकी काही गुण वर सांगितल्याप्रमाणे लेखन आणि त्यावरील संभाषण यांसाठी ठेवावेत, त्यास किती वेळ लागला, किती विद्यार्थी पोहोचू शकले, कोणत्या तक्रारी आल्या आणि गुणांची विभागणी कशी झाली, याची प्रामाणिक नोंद ठेवावी, आणि ती याच पत्रिकेतून प्रसिद्ध करावी. योजना फसली असेल तर तसेही लिहावे. तिसगावच्या विद्यार्थ्याशी आपण दहा मिनिटे बोलू शकतो की नाही, एवढे तरी त्यातून निश्चित कळेल.